वर्गात पोहोचण्याआधी

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या यशाविषयी बोलताना आपण त्याची बुद्धी, मेहनत, क्लास आणि टक्के एवढ्यांतच घुटमळतो. नगर जिल्ह्यात हा विषय मांडायचा तर सुरुवात एसटीच्या वेळापत्रकापासून करावी लागते. पाथर्डी किंवा पारनेर तालुक्यातल्या एखाद्या आडगावातल्या मुलीला सकाळचा पहिला तास गाठायचा असेल, तर तिच्या गावात रात्री मुक्कामी गाडी येते की नाही यावर तिची हजेरी ठरते. हजेरीवर अंतर्गत गुण आणि परीक्षेला बसण्याची परवानगी अवलंबून असते, आणि निकाल लागल्यावर घरात चर्चा होते ती ‘पोरीनं अभ्यास केला नाही’ अशी. मुक्कामी गाडी बंद झाली होती, हे निकालपत्रावर कुठेच छापलेले नसते.

विद्यार्थ्यांचे शिक्षणातले यश आणि त्यांचे शरीर-मनाचे स्वास्थ्य कशाकशावर अवलंबून असते, हा या पुस्तकाचा विषय आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि दोन्हींची मुळे बरीचशी वर्गाबाहेर असतात, असे माझे ठाम मत आहे. वर्गात येऊन बसलेल्या मुलाला आपण शिकवतो. पण तो तिथे येऊन बसण्याआधी काय काय घडून गेलेले असते, याची आपली शिक्षणव्यवस्था फारशी दखल घेत नाही. ती दखल घेण्यासाठी नगरसारखा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही.

आता अधिकृतपणे अहिल्यानगर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चार गोवे मावतील एवढा. चौदा तालुके. वायव्येला अकोले तालुक्यात कळसूबाईचा 1646 मीटरचा माथा आणि भंडारदऱ्याचा धो धो पाऊस. आग्नेयेला जामखेड, कर्जत, जिथे पावसाळ्यातही आभाळाकडे बघत बसावे लागते. उत्तरेच्या पट्ट्यात प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांनी हिरवा केलेला राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी. जिल्ह्याच्या उत्तर-दक्षिण भेदावर राजकारणात पुष्कळ बोलले जाते. पण हाच भेद एका मुलाच्या पदवीतही दिसतो, याकडे कमी लक्ष जाते. पाणी जिथे आले तिथे ऊस आला, उसामागून कारखाना आला आणि कारखान्यामागून महाविद्यालय आले.

हा इतिहास अभिमानाचा आहे आणि तो नीट सांगितला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा या नगर शहरात होती, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले. तरीही पदवीच्या शिक्षणासाठी जिल्ह्याला पुढे जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले, तोवर पुढे शिकायचे म्हणजे पुणे गाठायचे, असेच चालत आले होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच परिसरात शाळा, तंत्रशिक्षण, वैद्यकीय महाविद्यालय असे एक शिक्षणगावच वसले. 1961 मध्ये संगमनेर महाविद्यालय निघाले, 1968 मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ आले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत इथे महाविद्यालये चालवली. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे ती लगोलग सुरू झाली. एका पिढीत, ज्या घरात सही करणारा माणूस नव्हता त्या घरातून इंजिनिअर बाहेर पडला. हे जिल्ह्याने स्वतःच्या हिमतीवर केलेले काम आहे.

मात्र महाविद्यालयाची इमारत तालुक्याच्या गावी उभी राहिली म्हणजे ते गावातल्या मुलाच्या आवाक्यात आलेच, असे होत नाही. जिल्ह्यातल्या असंख्य विद्यार्थ्यांचे आयुष्य ‘अपडाऊन’ या एका शब्दात मावते. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचे, डबा घ्यायचा, गाडी पकडायची. दुपारी कॉलेज सुटल्यावर माळीवाड्याला किंवा तारकपूरच्या स्टँडवर परतीची गाडी लागेपर्यंत थांबायचे. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत मिळते आणि ती मोलाची आहे. परंतु प्रवासात जाणारे तास कुणी परत देत नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळेतले जादा तास, नाटकाची तालीम, मैदान, वादविवाद मंडळ या सगळ्या गोष्टी कॉलेज सुटल्यानंतर सुरू होतात, आणि अपडाऊन करणारा विद्यार्थी तेव्हा स्टँडवर उभा असतो. त्याच्या वाट्याला कॉलेज येते ते फक्त तासांपुरते.

2021 च्या ऑक्टोबरात ही गोष्ट फार कठोरपणे दिसली. करोनामुळे दीड वर्षाहून अधिक काळ बंद असलेली राज्यातली महाविद्यालये 20 ऑक्टोबरला उघडली, आणि आठ-दहा दिवसांतच एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला. तो थेट एप्रिल 2022 पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांची स्वतःची हलाखी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण गावातल्या विद्यार्थ्यासाठी कॉलेज उघडले आणि रस्ता बंद झाला. ज्याच्या घरी मोटारसायकल होती तो गेला. ज्या घरात एकच मोटारसायकल होती तिथे ती मुलाला मिळाली, मुलगी घरी राहिली. त्या वर्षीच्या निकालांचा कधी कुणी अभ्यास केलाच, तर त्याने गुणांच्या शेजारी गावाचे अंतरही लिहावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रवासानंतरचा प्रश्न पैशाचा. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण फी माफ करतो आणि गरिबीचा प्रश्न सुटला असे धरून चालतो. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ केली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण रूमचे भाडे, मेसचे पैसे, प्रोजेक्टचा खर्च, परीक्षेसाठी दुसऱ्या गावी जाण्याचा खर्च फीत धरलेला नसतो. नगर जिल्हा दुधाचा जिल्हा आहे. कितीतरी मुलांची मेस दर दहा दिवसांनी होणाऱ्या दुधाच्या पगारावर चालते. दुधाचा दर पडला की मेसवाल्याला ‘पुढच्या पगाराला देतो’ म्हणावे लागते. कांद्याचा भाव पडला की एक सत्र तसेच जाते. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे. योजनांची नावे कमी नाहीत. पैसा कुठल्या महिन्यात हातात पडतो, हा खरा प्रश्न आहे. जून-जुलैत लागणारे पैसे मार्चमध्ये खात्यावर आले तर तोवर मुलाने कर्ज काढलेले असते किंवा कॉलेज सोडलेले असते.

2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून त्याऐवजी रोख रक्कम खात्यावर जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. कागदावर तो फक्त पैसे देण्याच्या पद्धतीतला बदल होता. त्यांना मात्र पुढचा महिना दिसत होता: पैसे उशिरा येणार, घरची नड असेल तर ते घरी पाठवावे लागणार, आणि ताट रिकामे राहणार. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातून, राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूने शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृहातले दोन वेळचे जेवण हा अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

पैशाची चिंता बुद्धीवर काय परिणाम करते, याचा एक अभ्यास इथल्या वाचकाला फार जवळचा वाटेल, कारण तो उसाच्या शेतकऱ्यांवर झाला होता. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची तर्कशक्ती आणि एकाग्रता संशोधकांनी तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर तपासली. माणूस तोच, पण हंगामाआधी हात आखडलेला असताना त्याची कामगिरी खालावलेली आढळली, आणि पैसे हाती आल्यावर सुधारली. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शाफीर आणि जियायिंग झाओ यांचा हा अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की पैशाची विवंचना मनाची जागा व्यापते आणि विचाराला उरलेली जागा कमी पडते. परीक्षेच्या आदल्या रात्री घरून ‘सोसायटीची नोटीस आली’ असा फोन आलेल्या मुलाला हे सांगायला संशोधक लागत नाही. आपल्याला मात्र लागतो, कारण आपण त्या मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो.

उसाचाच दुसरा चेहरा पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत दिसतो. तिथून कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत बांधलेली. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घर कारखान्याच्या कोपीत असते. विद्यापीठाच्या कॅलेंडरशी हे ताडून पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा आणि गाव सोडण्याची वेळ एकच. दुसरे सत्र सबंध हंगामात. कॉलेजात असलेला मुलगा मागे राहिला तर त्याच्यावर आजी, गुरे आणि धाकटी भावंडे. आईवडिलांसोबत गेला तर सत्र बुडाले. मुलगी असेल तर तिसरी वाट निघते. तिला मागे एकटी कशी ठेवायची, या काळजीपोटी तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. लग्न हा शिक्षणातल्या गळतीचा एक ‘घटक’ म्हणून तक्त्यात घालता येतो. पण त्या मुलीसाठी तो शिक्षणाचा शेवट असतो.

या जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 मध्ये जन्मल्या. त्यांच्याच नावाने एसटीत मुलींना शाळेसाठी मोफत पास देण्याची योजना आहे आणि तिने गावोगावच्या मुलींना शाळेपर्यंत आणले. ती बारावीला संपते. ज्या वळणावर घरची माणसे ‘आता पुरे’ म्हणायला लागतात, नेमक्या त्या वळणावर. माझी सूचना साधी आहे: हा पास पदवीपर्यंत न्यावा. लाखो रुपयांच्या प्रोत्साहन योजनांपेक्षा त्याने अधिक मुली कॉलेजात टिकतील असे मला वाटते.

भाषेचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण तो पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आला आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेला मुलगा अकरावी सायन्सला जातो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की पुस्तक समजत नाही. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ त्याला येते, ‘रिफ्रॅक्शन’ येत नाही. विषयाचे ज्ञान असून भाषेमुळे अडलेला हा मुलगा स्वतःला ढ समजू लागतो. तो प्रश्न विचारणे थांबवतो, मागच्या बाकावर जातो, आणि मग हळूहळू बाकावरूनही नाहीसा होतो. पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही भाषांत संज्ञा सांगणारा एक शिक्षक मिळाला तर हीच मुले पुढे विद्यापीठात येतात. अशा शिक्षकांना कुठलाही पुरस्कार मिळत नाही.

मागच्या बाकावरून नाहीसे होणे, याचा अभ्यास जगात पुष्कळ झाला आहे. अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 पासून हाच प्रश्न लावून धरला: विद्यार्थी कॉलेज का सोडतात? त्यांच्या मांडणीचा गाभा असा की विद्यार्थ्याचे कॉलेजशी शैक्षणिक आणि सामाजिक असे दोन धागे जुळावे लागतात. ते जुळले नाहीत तर हुशार मुलगाही निघून जातो. 2011 मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी दाखवले की ‘इथे आपले कुणी नाही’ ही भावना सुरुवातीला सगळ्यांनाच येते आणि ती सरते, एवढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत नीट पोहोचवले, तर त्याचा परिणाम पुढची तीन वर्षे गुणांत दिसतो. सर्वाधिक लाभ झाला तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, म्हणजे ज्यांना परकेपणा जास्त जाणवत होता त्यांना. आपल्याकडे तो परकेपणा कुणाला जाणवतो, हे वेगळे सांगायला नको. घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेला, आडनाव विचारल्यावर सावध होणारा, कॅन्टीनमध्ये शिरण्याआधी खिसा चाचपणारा मुलगा आपल्या प्रत्येक वर्गात आहे. अपडाऊन करणाऱ्याला हा धागा जुळवायला वर्गाखेरीज दुसरी जागाच नाही. म्हणून वर्गातले चाळीस-पन्नास मिनिटांचे वागणे, नावाने हाक मारणे, चुकलेल्या उत्तराला न हसणे, या बारीक गोष्टी नाहीत.

मनाच्या आजाराविषयी आपली मुले क्वचितच त्या शब्दांत बोलतात. ‘टेन्शन आलंय’, ‘झोप लागत नाही’, ‘जेवण जात नाही’, ‘डोकं जड झालंय’ असे बोलतात, आणि आपण त्यांना थोडा आराम करायला सांगतो. 2022 मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. हा आकडा वाचून पान उलटू नये, अशी माझी विनंती आहे. त्याच्या मागे परीक्षेतले अपयश हे एकच कारण नसते. स्पर्धा परीक्षांचेच पाहा. नगर शहरातल्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात, मैदानांवर पोलीस भरतीची मुले धावत असतात. नाव बी.ए.ला घातलेले, सगळे आयुष्य एका जाहिरातीच्या प्रतीक्षेत. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, वय वाढते, गावात जत्रेला गेले की ‘काय, लागला का कुठं?’ हा प्रश्न. शेतीतून सुटण्याची हीच एक वाट आहे असे सगळ्या घराने ठरवलेले असते, आणि त्या ठरवण्याचे ओझे वीस-बावीस वर्षांच्या एका मुलाच्या छातीवर असते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यांतले एक. 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते, हा क्रमांक प्रत्येक कॉलेजच्या फलकावर, ओळखपत्राच्या मागे छापायला काहीच हरकत नाही. पण कर्जत-जामखेडच्या प्रत्येक महाविद्यालयाला मानसशास्त्राचा पदव्युत्तर समुपदेशक कुठून मिळणार?

याचे एक उत्तर जामखेडनेच देऊन ठेवले आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले तेव्हा डॉक्टरांची अशीच वानवा होती. त्यांनी गावातल्याच, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले, आणि त्या बायांनी बाळंतपणे, कुपोषण, कुष्ठरोगाविषयीची भीती यांत जो बदल घडवला त्याची नोंद जगाने घेतली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामामागचा विचार असा होता की ज्ञान तज्ज्ञापाशी अडवून ठेवायचे नाही. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी हाच मार्ग का नसावा? राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक बहुतेक कॉलेजांत आहेत. वर्गातले कोण गप्प झाले, कोण डबा खात नाही, कोण रूमवरून बाहेर पडत नाही, हे मित्रमैत्रिणींनाच आधी कळते. ऐकून कसे घ्यायचे, काय बोलू नये, आणि कुठल्या टप्प्यावर मोठ्यांना व डॉक्टरांना कळवायचे, एवढे त्यांना शिकवता येते. श्रमदानाच्या शिबिराइतकेच हे राष्ट्रीय सेवेचे काम आहे.

मात्र या मुलांनी ज्याच्याकडे धाव घ्यायची तो मोठा माणूस कॉलेजात असला पाहिजे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आज आपल्या कितीतरी वर्गांवर तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक उभे असतात. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसे तासावर पैसे मिळवतात, सुट्टीत काहीच मिळवत नाहीत, आणि घर चालवण्यासाठी एका कॉलेजातला तास संपवून दुसऱ्या कॉलेजकडे गाडी पळवतात. मूल्यांकनासाठी ‘मेंटॉर’ आणि ‘मेंटी’ यांच्या याद्या तयार होतात, फायलीत सह्या होतात. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने वीस मुलांची घरे, गावे आणि काळज्या लक्षात ठेवाव्यात ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. तो शिक्षक स्वतः अपडाऊन करतो, त्याचेही मानधन उशिरा येते, त्यालाही रात्री झोप लागत नाही. विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याच्या चर्चेत शिक्षकांच्या पदांचा विषय सहसा येत नाही. तो वित्त विभागाचा समजला जातो. या पुस्तकात तो विद्यार्थ्यांच्या प्रकरणातच ठेवला आहे, आणि तो तिथेच वाचला जावा.